जवायासाठी वाइन

वाइन कोणती घेऊ, हे आता मले विचारू नका गा. गोंदियात दारूच्या दुकानात काउंटरवर उभा राहून दहा वर्षं तेच सांगून राहिलो. कोणी ऐकते का?

मागच्या महिन्यात कामठ्याचे एक काकाजी आले. म्हणे, "पुण्याचा जवाई येऊन राहिला, त्याले वाइनच लागते. स्वस्त अन् चांगली दे." मी पांढरी, गोडसर दिली. थंड करून पाजा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काकाजी तणतणत हजर. "काऊन बे, पाणी विकून राहिला का? चमचाभर चुलीत टाकली, तर भडकाच नाही. उलटा विस्तव विझला!"

"काकाजी, चुलीत मोहाची दारू पारखतात. वाइन पेटत नसते. मंग केलं काय तिचं?"

"मोरीत ओतली. त्याच बाटलीत घरची मोहाची भरली अन् जवायाले पाजली."

मी कपाळाले हात लावला. संध्याकाळी जवाई स्वतःच ती रिकामी बाटली घेऊन आला. "दादा, हीच वाइन हवी. सहा द्या."

दहा वर्षांत मी सांगितलेली वाइन परत मागायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.