जावईबापू गाडी राखतात

नाही, पण मला एक सांगा, त्या बाईनं कॉफीचे पैसे का घेतले नाहीत? मोंतेव्हेस्पोच्या चौकातली बारवाली हो! बावीस वर्षं साखरेची दुसरी पुडी मागितली की अशी बघायची, जसा काही मी तिच्या गळ्यातला दागिना मागतोय... ती बाई परवा म्हणते, "राहू द्या जावईबापू, आमच्याकडून." आमच्याकडून! का? माझा कोणावर आरोप नाही. मी फक्त लक्ष ठेवतो.

एकतीस वर्षं तुरीनच्या ट्राममध्ये तिकिटं तपासलीत मी. तुम्हाला सांगतो, माणूस आपण होऊन गोड हसला की समजायचं, याच्याकडे तिकीट नाही. आणि परवा त्या गावात जो तो हसत होता! चर्चची पायरी झाडणारा हसला. खाटकाचं कुत्रं, ज्यानं मला भुंकल्याशिवाय कधी सोडलं नाही, ते शेपूट हलवत आलं. कुत्र्यालासुद्धा सामील करून घेतलं होतं, बोला!

तुम्ही म्हणाल, एर्मेते, एवढा संशय, तर गेलास कशाला? अहो, मार्च महिना, वद्य पक्ष लागलेला! वाईन बाटल्यांत भरायची ती चंद्र उतरता असताना, नाही तर बाटलीत फसफसते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि वाईन आणायची ती मोंतेव्हेस्पोहून, तिथल्या ओरेस्ते द्राक्षमळेवाल्याच्या तळघरातून. माझी बायको नीवेस त्या गावची. दर मार्चला आम्ही दोघं जायचो, मागच्या सीटवर वेताच्या टोपलीतला चोपन्न लिटरचा काचेचा बुधला. तो भरायला ती खाली उतरायची तळघरात, आणि मी वर चौकात, गाडीत. कारण तीच सांगायची, "एर्मेते, गाडीवर लक्ष ठेव हं. आमच्या गावची पोरं फार वाईट, चाकं काढून नेतील." घ्या! बायको स्वतःच्या माहेराबद्दल असं बोलते म्हटल्यावर...! मी काचा वर करून बसायचो. बावीस वर्षांत एक चाक गेलं नाही. कोणामुळे?

नोव्हेंबरात नीवेस गेली. यंदा बुधला पुढच्या सीटवर ठेवला. मागे तो वळणावळणाला गडगडतो. पट्टाही लावला त्याला.

तर, चौकात गाडी उभी केली, कॉफीचं ते तसं झालं, आणि समोरून ओरेस्ते आला. गावनात्यानं माझा मेहुणा, अस्वलासारखा माणूस, तीन शब्दांपुढे कधी गेला नाही. त्यानं मला मिठी मारली! मी एका हातानं खिसा धरला, माझा आरोप नाही, आपली सवय... "चला दाजी, खाली चला." "अरे पण गाडी?" "गाडीला काय होतंय?" बघा! गाडीला काय होतंय, असं कोण विचारतं? ज्याला माहीत असतं गाडीला काय होणार, तो! पण करतो काय, बुधला भरायला आता दुसरं कोण होतं? उतरलो. एकेक पायरीवर मागे बघत.

खाली ओरेस्तेची आई, देझोलिनाआजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, खुर्चीत बसून बुचं निवडत होती. ओरेस्तेनं मोठ्या पिंपाची तोटी सोडली, पेला भरला, म्हणाला, "घ्या."

आता माझी जीभ कशी आहे हे तुम्हाला सांगायला हवं. शनिवारी आमच्याकडे पत्त्यांचा डाव असतो. दर शनिवारी मी बाटली उघडतो आणि सांगतो, बार्बेरा, ही आमच्याकडची लाल वाईन, ओळखायची एकच खूण, घोट घेतला की जिभेवर द्राक्षमळ्यांच्या टेकड्या उतरल्या पाहिजेत! सगळे माना डोलावतात. एक वरच्या मजल्यावरचा अल्फिओ सोडून. तो सिसिलीचा. तो दर वेळी म्हणतो, "राग मानू नकोस, पण जरा पाणचट वाटते." पाणचट! चार वर्षं जिन्यात बोललो नव्हतो मी त्याच्याशी.

तर अशा जिभेनं घोट घेतला. काळीकुट्ट वाईन! जीभ आवळली, टाळू खरवडला, आणि घशातून उतरली ती कानापर्यंत गरम... थुंकलो! तिथंच, फरशीवर! "ओरेस्ते! काय घातलंस यात?"

"द्राक्षं, दाजी."

"द्राक्षं? मला शिकवतोस? रंग घातलायस, दारू घातलीयस, आणखी काय काय घातलंयस देव जाणे! नीवेस होती तोवर हिंमत नव्हती तुमची. ती जाऊन चार महिने झाले नाहीत, आणि तुम्ही तिच्या नवऱ्याला भेसळ पाजता? म्हणून कॉफी फुकट! म्हणून मिठ्या!"

ओरेस्ते त्या वाईनच्याच रंगाचा झाला. आईकडे बघितलं.

"सांग त्याला," आजी म्हणाली.

"मी नीवेसताईला शब्द दिलाय, आई."

"तू दिलायस. मी नाही दिला." आणि माझ्याकडे वळली. "जावईबापू, बावीस वर्षांपूर्वी डॉक्टर काय म्हणाला होता तुम्हाला?"

"तो? तो बाटलीतल्या पाणीवाल्यांना सामील होता!"

"काय म्हणाला होता?"

"...हृदय कमजोर आहे म्हणाला. वाईन बंद."

"आणि तुम्ही?"

मी काय! मी डॉक्टर बदलला.

"नीवेस त्या पायरीवर बसून रडली," आजी म्हणाली. "हा मरेल पण ऐकायचा नाही म्हणाली. मग आम्हीच तोड काढली. जा, त्या कोपऱ्यातलं पिंप बघा."

कोपऱ्यात एक लहान पिंप. त्यावर खडूनं लिहिलेलं: एर्मेते. अक्षर... अक्षर मी ओळखतो हो.

"द्राक्षं पिळून उरतो तो चोथा," आजी सांगायला लागली. "त्यावर पाणी ओतायचं, चार दिवस ठेवायचं, आणि खरी वाईन नावाला, रंगापुरती. आमच्याकडे उन्हात राबणाऱ्या गड्यांना देतात. तहान भागते, डोकं शाबूत राहतं."

"बावीस वर्षं?"

"आणि तब्येत बघा तुमची. घोडा!"

ओरेस्ते खाली बघून म्हणाला, "यंदाचंही ताईनंच लिहिलंय. ऑक्टोबरात तोडणीला आली होती ना. उभं राहवत नव्हतं, पण खडू मागून घेतला. मला वाटलं दाजी, एकदा तरी तुम्हाला खरी पाजावी... चुकलंच माझं."

ऑक्टोबरात! मला म्हणाली होती, मैत्रिणीला भेटून येते, संध्याकाळपर्यंत परत. मी विचारलंही नव्हतं, कोणती मैत्रीण. मी! एकतीस वर्षं तिकिटं तपासलेला माणूस!

त्या लहान पिंपाची तोटी सोडली, घोट घेतला. आणि काय सांगू तुम्हाला... टेकड्या! एकेक टेकडी उतरली हो जिभेवर! तोंडातून निघूनच गेलं, "ही! ही खरी बार्बेरा!"

आजी इतकी हसली की तिच्या मांडीवरची बुचं घरंगळली. "भर रे, ओरेस्ते. काठोकाठ भर."

बुधला घेऊन आम्ही वर आलो, आजी काठी टेकत मागून. गाडीच्या काचा उघड्या, किल्ली तशीच लोंबकळतेय, मी विसरलो होतो! आणि गाडी जागच्या जागी. "नशीब," म्हटलं, "चाकं आहेत."

"चाकांना काय होतंय?" आजी.

"अहो, नीवेसच सांगायची, इथली पोरं फार वाईट म्हणून."

"पोरं?" आजीनं ओरेस्तेकडे बघितलं. "जावईबापू, या गावात सगळ्यांत लहान माणूस म्हणजे हा. त्रेपन्न वर्षांचा."

...लक्षात येतंय ना तुमच्या? माझ्या येईपर्यंत मी निम्मा घाट उतरलो होतो. बुधला शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलेला, आणि मी त्याला म्हणत होतो, बावीस वर्षं गं? बावीस वर्षं मला चौकात बसवलंस?

शनिवारी डाव बसला. अल्फिओनं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "राग मानू नकोस..."

"पाणचट आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून आहे. तुझं बरोबर होतं."

तो बिचारा इतका घाबरला की हातातला हुकूम टाकून बसला.

सगळे गेल्यावर सूप गरम करायला घेतलं. मिठाचा डबा उतरवला. त्यावर चिठ्ठी, तिच्या हातची: मीठ. आणि माझा हात थांबला. कारण आता मला सांगा, ते मीठ असेल? आणि ती कॉफी, बावीस वर्षं जिनं माझी झोप कधी उडवली नाही? लोणी? बोट बुडवून चाखणार होतो... मग म्हटलं, जाऊ दे. चिमूटभर टाकलं आणि झाकण लावलं.

माझा कोणावर आरोप नाही. आणि लक्ष ठेवायचं म्हणाल, तर या घरात ते खातं माझ्याकडे कधी नव्हतंच.