गार्नेटमधला पीळ

...स्लाइडवरचे हे ओरखडे माझे? अहो साहेब, माझे?! तिसऱ्यांदा विचारलं मी, आणि तिसऱ्यांदाही ते दगडांचे डॉक्टरसाहेब चष्म्यावरून बघत म्हणतात, "तुमचेच, आजी. वय झालं, हात थरथरतो आता." तुम्हाला सांगते, अडतीस वर्षं या खोलीत दगड घासतेय, पाठीचं धनुष्य झालं, नखांतली पूड आता माझ्याबरोबरच जायची, आणि हात थरथरतो म्हणे! पण बोलणार कोण? मी पडले अडाणी बाई!

काम काय, तर दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि ओल्या पुडीवर घासत राहायची, घासत राहायची, केसाच्या निम्म्या जाडीची होईपर्यंत... मग त्या स्लाइडमधून उजेड आरपार जातो, मग साहेबलोक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगतात, हा दगड कसा जन्मला. पण घासायचं थांबायचं कुठे, ते सांगितलं कोणी मला? भिंगाखाली गारगोटीचा कण पिवळा दिसला की जाड, करडा दिसला की झालं! जेवणाच्या सुट्टीत तोंडात घास आणि डोळा भिंगाला, असं शिकले. अडाणी ना!

तर साहेबांनी आधीच लिहून ठेवलेलं, की हा दगड तापल्या रसातून थिजला, त्यातले गार्नेटचे लाल खडे, ते दाणेही त्या रसातच निवांत वाढले, पुढे कोणी धक्का लावला नाही. छान! आणि स्लाइडमध्ये बघावं तर गार्नेटच्या पोटात बारीक कणांच्या रेघा, शंखासारख्या पिळलेल्या! म्हणजे दगड घट्टच होता हो, वरून डोंगराचं ओझं, बाजूने रेटा, आणि त्या रेट्यात बिचारं गार्नेट लोळत लोळत वाढत होतं, शेजारच्या रेघा पोटात घेत... नव्या सुनेसारखं, वाढायचंही आणि दाबही सोसायचा!

साहेब म्हणतात, "तुम्ही गोल गोल घासता, म्हणून रेघा गोल. स्लाइड खराब, तसं लिहून देतो." आणि हे कोणासमोर? तर माझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद घेऊन उभ्या असलेल्या विभागाच्या प्रमुखबाईंसमोर! घरी सून रोज म्हणते, "आई, पुरे आता, बसा घरी." बसेन की! पण हात बिघडला हा शिक्का घेऊन?

म्हटलं, "प्रमुखबाई, तुम्हीच डोळा लावा. चार दाणे, चौघांत आपापला पीळ, आणि बाहेर, भोवतालच्या अभ्रकात एक तरी गोल रेघ आहे? माझा हात काय गार्नेट आलं की वळतो, आणि अभ्रक आलं की सरळ होतो? मी अडाणी, मग माझा हात तरी इतका शिकलेला कुठून असणार?"

बाईंनी बघितलं. पुन्हा बघितलं. "अहो डॉक्टर, पीळ दगडातलाच आहे की!"

तर साहेबांनी काय म्हणावं? "ते काही नाही, दुसरी घासा. मला या रेघा नकोत!"

दमले हो मी... त्यावर एकच वाक्य बोलले, आणि बाईंनी तोंडाला रुमाल लावून सही ठोकली, साहेब दार उघडंच टाकून गेले, मला आणखी वर्षभर घासायची शिक्षा झाली. मी म्हणाले एवढंच, "घासते की साहेब, पण दगड तोच, तेव्हा रेघाही त्याच निघतील, अगदीच नको असतील तर नुसती काच उरेपर्यंत घासून देते!"