गोधडीखाली धावलेली गाडी

ऐका मंडळी. पेटीवाले, जरा हळू — आज मला एक प्रश्न विचारायचाय, आणि तो तुम्हालाच विचारायचाय. मागच्यांनी पुढं सरका. पुढं सतरंजी रिकामी आणि मागं खांबाला टेकून एवढी गर्दी! डुलकी लागली की खांब बरा पडतो, ठाऊक आहे मला.

तर प्रश्न असा. एखाद्यानं नेम धरला — रोज अकरा माळा जप करीन. केला. अकराच्या अकरा माळा झाल्या, आकडा भरला. मग त्याचा नेम पुरा झाला का? पहिल्या रांगेतून माना हलताहेत, झाला म्हणून. बायकांच्या बाजूनंही तोच कौल. बरं. सगळ्यांचं एकमत आहे म्हणजे आज माझं काम अवघड आहे.

ह्याचं उत्तर मला पोथीत नाही सापडलं. सापडलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका जुन्या मोटारीच्या पोटात. हसू नका! देवाला गरुड चालतो, उंदीर चालतो, मग मोटारीनं काय घोडं मारलंय?

उद्यमनगरात आप्पासो मगदूम म्हणून गृहस्थ. स्वतःचं लेथचं वर्कशॉप. हात असा कसबी, की तुम्ही मोडका पार्ट समोर ठेवावा आणि चहा होईस्तोवर त्यांनी तसाच नवा करून द्यावा. वय पंचावन्न. व्यसन कसलं नाही, सुपारीचंसुद्धा नाही. वेड मात्र एक होतं — गाडीचं. तेही एकाच गाडीचं.

पंचविशीत असताना कुणा पाहुण्याचा पाय मोडला म्हणून आप्पासो त्याला घेऊन मिरजेला गेले, हाडांचे डॉक्टर लिमये यांच्याकडं. दवाखान्याच्या दारात ती उभी होती. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. थेट जपानातनं आलेली. कंपनीचं नाव मी घेणार नाही, व्यासपीठावरनं फुकट जाहिरात नको. आप्पासो बघतच राहिले. त्या पाहुण्याच्या पायाचं पुढं काय झालं, ते त्यांना आजतागायत आठवत नाही.

आता त्या गाडीत असं होतं तरी काय? तर टर्बो. घाबरू नका, सोपं आहे. साध्या इंजिनाचा धूर मागनं निघून जातो, वाया जातो. हिच्यात त्या धुराच्या वाटेवर एक छोटा पंखा बसवलाय. धुराच्या जोरानं तो फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. गाडी वेगात आली की हा टर्बो जागा होतो, बारीक शीळ घालतो — आणि बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते! पण गाडी पळवली तर हं. रांगत चालवली तर टर्बो आपला झोपलेला. खांबाजवळच्या मंडळींसारखा.

तीस वर्षं गेली. डॉक्टर म्हातारे झाले. डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं, माणूस दिसे पण चेहरा ओळखू येईना. गाडी चालवायचं सुटलं, म्हणून विकायची ठरवली. गिऱ्हाइकं खूप आली. एकाला ती बंगल्याच्या हॉलमध्ये मांडायची होती. एकाला लग्नातल्या फोटोंसाठी भाड्यानं द्यायची होती. डॉक्टरांनी दोघांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग आप्पासो गेले, बायको शालनवहिनींना घेऊन.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कशाला हवी?"

"खरं सांगू का डॉक्टर? तीस वर्षांत दुसरी गाडी डोळ्यात भरली न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "देतो. पण अट आहे. आज मीटरवर साठ हजार किलोमीटर आहेत. पुढच्या दसऱ्याला मी येईन, तेव्हा पासष्ट हजार दिसायला हवेत. नाही दिसले तर तुमचे पैसे तुम्हाला परत, गाडी मला परत."

"पाच हजाराचं काय घिऊन बसलाय? सहा म्हैन्यांत करतो की."

कागदावर सही झाली. गाडी कोल्हापुरात आली. शालनवहिनींनी ओवाळलं, चाकांखाली लिंबू ठेवलं, उद्यमनगरात पेढे वाटले. त्या दिवशी आप्पासोंइतका सुखी माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवर गोधडी घातली.

साधीसुधी नव्हे! शालनवहिनींच्या आईनं हातानं शिवलेली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या आईच्या हातची गोधडी गाडीला, आन् आमाला चादर. ऱ्हाऊ द्या. पण चला की एकदा पन्हाळ्याला जाऊन येऊ."

"तिकडं रस्त्याचं काम सुरू हाय. खडी उडती."

थंडीत वहिनी म्हणाल्या, दत्ताच्या वाडीला जाऊ. तर उसाच्या ट्रॉल्या फार. उन्हाळ्यात म्हणाल्या, आंबोलीला जाऊ. तर ऊन फार, रंग उडेल. पावसाळ्यात खड्डे. रोज सकाळी मात्र गोधडी काढायची, मऊ फडक्यानं पुसायची, आरशावर फुंकर मारायची, पुन्हा गोधडी. फार झालं तर अंबाबाईच्या देवळापर्यंत, तेही बैलगाडीच्या चालीनं. वर्षभरात टर्बो एकदासुद्धा जागा झाला नाही. ज्या शिळेसाठी तीस वर्षं जीव टाकला, ती ह्या माणसानं ऐकलीच नाही!

तुम्ही हसताय. तुमच्या कपाटातला तो चांगला टी-सेट पाहुण्यांना तरी कधी दिसलाय का?

असो. भाद्रपदात गौरी-गणपती झाले. आप्पासोंनी मीटर बघितला. साठ हजार सहाशे चाळीस! दसरा महिन्यावर आलेला. रोज दीडशे किलोमीटर काढावे लागणार — म्हणजे रोज खडी, रोज खड्डे, रोज ट्रॉल्या. आणि नाही काढले तर? तर गाडी मिरजेला परत. दोन रात्री माणसाच्या डोळ्याला डोळा नाही.

तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. कारागिराचं डोकं ते! जुन्या गाडीच्या मीटरला खालनं एक केबल येते. चाकं फिरली की केबल फिरते, आणि केबल फिरली की आकडा सरकतो. आप्पासोंनी ती केबल खालनं सोडवली आणि दिली ड्रिल मशीनच्या तोंडात. बटण दाबलं.

मंडळी, जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागं फिरवणारे ढीगभर आहेत. पुढं पळवणारा हा एकटाच अवतार!

पहिल्या झटक्याला ड्रिल उलटं फिरलं. आकडा उतरायला लागला. आप्पासोंना वाटलं, गाडी आपली आपणच मिरजेला परत निघाली की काय. घाईनं दिशा बदलली. मग काटा जो चढला, तो एकशे ऐंशीला जाऊन टेकला. अंगावर गोधडी, चारी चाकं जागेवर, आणि गाडी एकशे ऐंशीच्या वेगानं धावतेय!

शालनवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी गोधडी उचलली, आत वाकून बघितलं.

"कुठं पोचलो आपुन?"

"एकसष्ट हजार दोनशे."

"तसं न्हवं. कुठल्या गावाला?"

आप्पासोंनी चहा घेतला. तीन दिवस ड्रिल चालू होतं.

दसरा आला. दारात रांगोळी, लेथला झेंडूचा हार, गाडीला झेंडूचा हार. डॉक्टर मिरजेहून भाड्याच्या गाडीनं आले. उतरले ते काठी टेकत लाल गाडीपाशी गेले, बॉनेटवरनं हात फिरवला आणि आत डावीकडं बसले. आप्पासो स्टिअरिंगवर. वहिनी बाहेर उभ्या, पदर दातांत धरून.

"मगदूम, मला आकडा दिसत नाही. तुम्हीच वाचा."

"पासष्ट हजार बारा."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. त्यांनी आप्पासोंच्या मांडीवर थाप मारली. "शाब्बास. गाडी तुमची."

झालं! जिंकले आप्पासो. आकडा पुरा, अट पुरी, गाडी घरात. आपलं आख्यान इथंच संपायला हवं होतं, नाही का? पण डॉक्टर सीटवर मागं रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता सांगा."

"काय सांगू?"

"कुठं कुठं गेलात ते. वर्षभर वाट बघतोय मी. घरात बसून दुसरं करतो काय? वाटायचं, आज मगदूम आंबोलीला गेले असतील. आज तासगावला. पाच हजारांची अट उगीच नाही घातली. मला पाच हजार किलोमीटरच्या गोष्टी हव्या होत्या."

आप्पासो कसेबसे बोलले, "आंबोलीला गेलो हुतो."

"हो? पाऊस होता? तो धबधब्याअलीकडचा चहावाला आहे का अजून? मुलगा बसतो म्हणे आता. त्याचाही चहा तसाच आल्याचा?"

ड्रिल मशीन आंबोलीला चहा प्यायला थांबलं नव्हतं. आणि मंडळी, समोरच्याला दिसत नव्हतं. काहीही ठोकून दिलं असतं तरी खपलं असतं. आप्पासोंनी तोंड उघडलंसुद्धा. पण डॉक्टर मिटल्या डोळ्यांनी हसत होते, लहान मूल गोष्टीची वाट बघतं तसे. त्या चेहऱ्याकडं बघून माणसाला खोटं बोलवेना.

"डॉक्टर, आमी कुठं गेलो न्हाई. ड्रिल लावलं मीटरला. गाडी हितनं हलली न्हाई. मला भ्या वाटलं. डाग पडंल, कायतरी मोडंल. लाज वाटती सांगायला."

डॉक्टरांनी हात लांब केला, चाचपत किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. "अट म्हणजे अट, मगदूम. गाडी माझी झाली."

"व्हय," आप्पासो म्हणाले. वहिनींनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"पण मला ती चालवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला ड्रायव्हर लागेल. दर रविवारी. तुम्ही याल?"

"म्या?"

"तुम्हीच. आणि तोंड मिटून चालवायचं नाही. दिसेल ते सांगायचं. आज पासष्ट हजार आहेत ना? सत्तर हजार होऊ देत, मग गाडी तुमची. पैसे तोवर राहू देत माझ्याकडे. आणि ड्रिल घरी ठेवा."

त्याच दुपारी तिघं मिरजेला निघाले, वहिनी मागच्या इवल्याशा सीटवर पाय दुमडून. हायवेला लागल्यावर डॉक्टर म्हणाले, दाबा. आप्पासोंनी जीव मुठीत धरून दाबला. आणि वाजली हो! ती बारीक शीळ वाजली! गाडीनं अशी उडी घेतली की वहिनींनी "अगं आई" म्हणून आप्पासोंचा खांदा धरला. आप्पासोंच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एवढ्यात पुढच्या ट्रकखालनं खडा उडाला. टक्!

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खडी लागली. बॉनेटवर. तांदळाएवढा डाग पडला."

"बरं झालं. ज्याला भीत होता ते झालं एकदाचं. आता पुढं बघा आणि सांगा."

पहिले काही रविवार आप्पासो सांगायचे, "झाड आलं. पूल आला." डॉक्टर विचारायचे, "कसलं झाड?" आप्पासोंना सांगता येईना. जन्मभर त्या रस्त्यानं गेलेला माणूस, पण झाड बघितलंय कुणी? मग बघायला लागले. करंज आहे, मोहोर आलाय. नदीला पाणी कमी झालंय, म्हशी बसल्यात. तासगावात द्राक्षांच्या घडांना कागद बांधल्यात. आंबोलीचा चहावाला आहे, आल्याचाच चहा करतो, पण दुकान रस्त्याच्या पलीकडं गेलंय. डॉक्टर मिटल्या डोळ्यांनी सगळं बघायचे. दहा दहा वेळा विचारायचे. आप्पासो न कंटाळता सांगायचे.

असाच एक रविवार. रस्ता जतकडचा, सरळ, दोन्ही बाजूंना ज्वारी. मागनं वहिनींनी सहज वाकून मीटर बघितला.

"अवो, एकाहत्तर हजार तीनशे झाल्यात. सत्तर कवाच उलटलं."

डॉक्टर म्हणाले, "कधी हो?"

"कुनाला ठाऊक? बघितलंच न्हाई कुनी."

डॉक्टरांनी आप्पासोंच्या खांद्यावर हात ठेवला. "मगदूम, गाडी तुमची झाली बरं का."

"व्हय," आप्पासो म्हणाले. "डॉक्टर, उजव्या हाताला बघा, ज्वारीवर पाखरं उतरल्यात. लई हायत. हिरवीगार. राघूच असणार."

मंडळी, नेम त्या रविवारी पुरा झाला. आकडा तर ड्रिलनंसुद्धा भरला होता!

तुम्हाला दोष देत नाही. आधी माझीच गोष्ट सांगतो. हे माझं यंदाचं एकशे चौदावं कीर्तन. आकडा तोंडपाठ आहे मला. पण परवाच्या गावात पुढं कोण बसलं होतं, कोण रडलं, कुणी पाणी आणून दिलं — विचाराल तर सांगता येणार नाही. म्हणजे बुवानंही ड्रिलच लावलंय की! आणि तुम्ही? सासरी गेलेल्या लेकीला रोज फोन करता. "जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवतो." रोजचा फोन झाला, आकडा भरला. तिचा आवाज जड होता का, हे ऐकलंत? सकाळी माळ ओढता. बोटं एकशे ऐंशीच्या वेगानं धावताहेत, आणि मन कुठं? गोधडीखाली!

एक दिवस देव शेजारी येऊन बसेल. आकडा वाचून दाखवाल, तर तो शाब्बासही म्हणेल. पण मग तो मागं रेलून डोळे मिटेल आणि म्हणेल, आता सांग, तुला एवढं जग दिलं होतं, कुठं कुठं गेलास, काय काय बघितलंस, कुणाकुणाला भेटलास. तेव्हा सांगायला काहीतरी असू द्या हो जवळ.

चला, उठा. शेजारचा कोण आहे तो एकदा नीट बघून घ्या, हात जोडा, आणि नाम घ्या. किती वेळा ते मी सांगणार नाही.