बयाजीला घिऊन खिंडीतनं

ऐका. आन मधी कुनी बोलायचं न्हाय. ज्येला भ्या वाटंल त्येनं आईजवळ जाऊन बसावं, मी हसणार न्हाय.

आपल्या गावचा ज्ञानू शेलार, पलटणीत शिपाई. वर बर्फात लढाई झाली, तिथं त्येचा जोडीदार पडला. बयाजी त्येचं नाव, खिंडीपल्याडच्या खडकवाडीचा. दोघं एकाच दिशी भरती झाल्याली. त्या काळात मढं घरी येत नव्हतं, समजलं का? तिथंच जाळायचं. साहेबानं ज्ञानूला रजा दिली, बयाजीच्या अस्थी हातात दिल्या. म्हणाला, "घरी पोचव."

ज्ञानूनं मडकं फडक्यात बांधलं आन गळ्यात अडकवलं. अस्थींचं तुमाला ठाव हायच. घरी जाईस्तवर भुईला टेकवायच्या न्हाईत. इसावा घ्यायचा तर झाडाला टांगायच्या. गडी आगगाडीत बी मांडीवर घिऊन बसला. झोपला बी तसाच!

एस्टी फाट्यावर आली तवा गुडुप अंधार. हाटेलवाला म्हणाला, "फौजी, हितंच पडा. रातचं खिंडीनं जाऊ नगा. तिथं जे खाली ठेवाल ते तिथल्याचं हुतं. एकानं करडू टेकवलं, ते पुन्ना दिसलं न्हाय."

तिथला म्हंजे कोण, ते इचारू नगा. रातीचं त्येचं नाव घेत न्हाय मी.

ज्ञानू म्हणाला, "सकाळी नदीवर भावकी जमणार. त्येची आई दारात बसली आसंल. आन मी हितं घोरत पडू व्हय?" निघाला की!

खिंडीत एक झाड न्हाय. नुसता खडक. टांगायची सोय न्हाय, आन टेकवलं तर बयाजी कायमचा तिथल्याच्या ताब्यात. ज्ञानू चालतोय आन मडक्याशी बोलतोय. "बयाजी, लोकं म्हणतील तू अमर झालास. डोंबल्याचा अमर! गेलास तू. आता तुला घरी न्यायचा, येवढंच माझ्या हातात हाय."

वळणावर शेकोटी. म्हातारा बसल्याला. "या पावणं. वझं ठेवा खाली, तंबाखू मळू." ज्ञानू उभ्यानं शेकाय वाकला, तर आगीला ऊबच न्हाय! गार! बर्फावानी गार! ज्ञानू म्हणाला, "आमी उभ्यानंच खातो तंबाखू," आन सुटला.

मग मडकं जड व्हाया लागलं. आधी पायलीभर जुंधळ्यायेवढं. मग पोत्यायेवढं. मग मान्सायेवढं! गाठ मानंत रुतली. गुडघं टेकलं. मडकं भुईपासनं ईतभर ऱ्हायलं, ईतभर!

आन मडक्यातनं आवाज आला. बयाजीचा! "ज्ञान्या, ठेव मला खाली. तू जा फुडं."

सरका रं जवळ. ज्ञानू हाय तिथंच थांबला. का? तर हे बोल त्येनं आधी ऐकल्यालं हुतं. बर्फात. बयाजीच्या पोटात गोळी, ज्ञानूच्या पाठीवर त्यो, मागनं गोळीबार. तवा बयाजी ह्येच म्हणाला हुता, शब्दाला शब्द! ज्ञानूला रडू फुटलं. रडत रडतच वराडला,

"आरं मुडद्या! आवाज बराबर काढलास! पर बयाजी सोता बोलला, जित्ता हुता, तवा त्येचं मी ऐकलं न्हाय! पलटणीच्या ठाण्यावर नेला त्येला, माझ्या मांडीवर गेला त्यो. आन तुझं ऐकू? तू कोण रं?"

मग काय इचारता! धोंडं गडगडाय लागलं. मागनं कुनी पाय धरला. ज्ञानूनं मडकं छातीशी आवळलं, गुडघ्यावर सरकाय लागला. पलटणीत सांजचं नावं पुकारत्यात, तशी त्येनं हाळी दिली. त्या लढाईत गेल्याल्यांची नावं! "गणपत साबळे!" आन आपनच जबाब द्यायचा, "हाजिर!" मग येक हात फुडं. "इस्माईल मुल्ला! हाजिर!" फुडं. "भागोजी कांबळे! हाजिर!" कुनाला सोडला न्हाय. पाय धरणाऱ्यानं बूट उपसून नेला. सरकारी बूट! ज्ञानू म्हणाला, "न्हे!" खिंड सपली तवा त्येच्या नरड्यातनं आवाज निघत नव्हता.

खडकवाडीत पोचला तवा तांबडं फुटत हुतं. बयाजीची आई दारात. तिनं ज्ञानूचं सोलल्यालं गुडघं बघितलं, रगात बघितलं. पदर पसरून मडकं वट्यात घेतलं. म्हणाली,

"लई तरास दिला का रं त्येनं?"

ज्ञानू म्हणाला, "न्हाय आये. निमूट आला."

आन तिथंच मटकन बसला.

तवा पोरांनो, रातचं त्या खिंडीनं जायाचं न्हाय, लांब पडलं तरी सडकंनं जायाचं. ज्ञानू बी पुन्ना गेला न्हाय. आन कुनी म्हणालं ज्ञानू भ्याला म्हणून गेला न्हाय, तर त्येला माझ्याकडं धाडा. उठा आता.