नारायण पेठेतला बाहेरचा माणूस

नारायण पेठेत माझ्याइतका पक्का मतदार दाखवा मला! आता, दोनदा भलत्याच शाळेत जाऊन रांग धरली होती, ते सोडा.

यंदा महापालिकेच्या मतदानाला माझ्यापुढे थोइबी होती. मूळची मणिपूरची, बारा वर्षं पेठेत पार्लर चालवते. यादीत नाव पहिल्यांदाच लागलेलं, म्हणून नवी साडी नेसून आली होती. मी खोडी काढली, "काय गं, लग्नाला निघालीस का?"

"हो काका, अक्षता आत मिळतात ना?"

आत गेलो, तर एका पक्षाचा प्रतिनिधी तिचं तोंड बघून म्हणाला, "या बाई इथल्या वाटत नाहीत. नीट तपासा." बिचारीचा चेहराच उतरला. ती मागं फिरायला लागली.

मी ओरडलो, "अहो, मग सगळ्यांनाच तपासा! मी तरी कुठं इथला? मूळचा साताऱ्याचा आहे. घ्या, मलाही शोधा!"

अधिकारी बाई शिस्तीच्या. त्यांनी दोघांनाही शोधलं. थोइबीचं नाव सापडलं, ओळखपत्र जुळलं, बोटाला शाई लागली. माझं नाव मात्र सापडेना. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे कर्वेनगरला राहायला गेलो, तेव्हा त्यानं पत्ता बदलायचा फॉर्म भरला होता. सही माझीच होती, वाचलं कोणी होतं?

बाहेर आल्यावर थोइबीनं मोबाइलवर माझं केंद्र शोधलं आणि स्कूटर काढली.

"बसा काका, कर्वेनगरला सोडते. बाहेरच्या माणसांनी नारायण पेठेत उगाच गर्दी करू नये."