तुळसाबाईचा बर्फ

— नाही भाऊ, बटन चालूच आहे, मी तीनदा पाहिलं. आत दिवा लागते, घरघर पण करून राहिला, फक्त थंड होत नाही. आता फ्रिजनं थंड नाही करायचं तर करायचं काय, सांगा बरं. हे म्हणाले, शामसुंदरभाऊ स्टील प्लांटातली मोठमोठी मशीनं थंड ठेवतात, आपली ही पेटी काय चीज आहे — म्हणून तुमाले सुट्टीच्या दिवशी तकलीफ दिली. रशियन साहेब मुलुखात परत गेले तेव्हा यांनी घेतला तो. क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत एकच. त्याच्यावरची अक्षरं कोणाले वाचता येत नाहीत, म्हणून साहेबानं बटन जिथं ठेवलं होतं तिथंच ठेवलं, दोन वर्षं हात नाही लावला. मागची जाळी? थांबा, पाहते — गार आहे. गार म्हणजे चांगलंच ना? — वाईट?

टोचलं? कोण टोचते, बाप्पा. पोरगी शाळेत, हे ड्युटीवर, घरात मी एकटी — म्हणजे मी टोचलं असं नाही म्हणून राहिली. बर्फ लोकाईले लागते. लोक म्हणजे एकच, बाजूच्या क्वार्टरातली तुळसाबाई. चार वर्षांचा शेजार. बाई चांगली, पोरगी तापानं फणफणली तर रिक्षा तिनंच बोलावली. पण घरात पाय नाही, आमचं पाणी नाही. बैठकीत बुद्धाचा फोटो आहे ना, दारातूनच दिसते. मंग हा फ्रिज आला, मे महिना तापला, अन् बाई भगोनं घेऊन दारात. म्हणे, बर्फाचं काही नसते, बर्फ थोडीच पाणी आहे. हे चिडले, देऊ नको म्हणाले. मी दिला. कावून दिला? रोज येते ना, भाऊ. भगोनं लांब धरते, मी वरून सोडते, ते सारं खरं — पण पंधरा मिनिटं उभी राहून बोलते. तुम्ही ड्युटीवर जाता, चार माणसं भेटतात. इथं दुपारी भिंतीच असतात.

अन् उद्या तिच्या नातवाचं जावळ आहे. परवा म्हणाली, पंचफुला, सरबताले बर्फ लागन, तूच घेऊन ये, सरळ रसोईत ये. रसोईत म्हणाली. तुमाले हसू येते — हसा. मले रात्रभर तेच कानात. मंग काल दुपारी वाटलं, आतला जमलेला सारा काढून ठेवावा, म्हणजे उद्यापर्यंत नवा जमन. तो काय असा निघते? दोन-दोन बोटं जाड थर. स्क्रू पिळायच्या पेचकसानं थोडा — अगदी थोडा — फुस्स झालं, मले वाटलं बर्फच फुटला. हां, तेच भोक. बोट नका दाखवू, दिसलं मले.

त्यातून गेला तो गॅस इथं मिळत नाही? कलकत्त्याहून? मंग उद्याचं — हो, दुर्गात बर्फाची फॅक्टरी आहे, ते मलेही माहीत आहे. पण लादी तर तिचा नवराही सायकलवर बांधून आणू शकते. मंग मले कावून बोलवन? — चुप. फाटक वाजलं. तीच आहे. तुम्ही काही बोलू नका, मी सांगते, सकाळी देते म्हणून, कसंही करून —

हो तुळसाबाई, आली. नाही, बर्फ नाही. मशीन बिघडली. काल काढून ठेवला होता, सारा विरघळला. हा पाहा, परातीत आहे, झाकून ठेवला, माशी नाही बसली. तुम्ही रोज नेता तोच. ओतू?

भगोनं मागं कावून घेतलं?

ओतू ना?

— गेली.

निघा तुम्ही, भाऊ. नाही, आता खोलू नका काही. तेवढा भिंतीशी सरकवून द्या, होता तसा. थंड नाही करत तर नाही. दारातून चांगला दिसते.