मागून प्रेशर

मूत्रपिंडाला सूज आली की माणूस नम्र होतो, अशी माझी समजूत होती. दवाखान्यात माझ्यासमोर एक प्लंबर पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता. शेजारी त्याची बायको.

“अहो, पाणी नका पिऊ. भूल द्यायचीय.”

“कुणाला? मी नळीबिळी घालून घेणार नाही. खडा अडकलाय, लघवी मागे तुंबलीय, एवढंच ना? मागून प्रेशर द्यायचं, सुटतं.”

“डॉक्टर म्हणाले, आधी नळी घालून लघवीला वाट करू. सूज उतरली की खडा फोडू.”

“एका कामाला दोन फेऱ्या! मी असं केलं तर गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही.”

“उशीर केला तर किडनी कामातून जाईल, असंही म्हणाले.”

“घाबरवायला म्हणतात गं. मीही म्हणतो.”

“वकिलांच्या बाथरूममध्ये प्रेशर दिलंत, तेव्हा काय झालं?”

“त्यांचा पाइप जुना होता.”

“फुटला ना?”

“जुना होता म्हटलं ना! पंचावन्न वर्षांचा पाइप कसा टिकणार?”

“आणि तुमचा किती वर्षांचा?”

बाटली खाली आली.

“नळी घालताना दुखत नाही ना गं?”

“भूल देतात म्हटलं ना.”

“मग घालू दे. नाहीतरी मी तेच म्हणत होतो, आधी वाट करून द्यावी.”

तेवढ्यात नर्स आली.

“चला काका. पोटात पाणीसुद्धा नाही ना?”

बाटली रिकामी होती. त्याचा नंबर संध्याकाळवर गेला.